तेल जरा जास्तच झाले!

दिवाळीला आपण दिव्यांचा सण म्हणतो; पण बारकाईने पाहिले तर तो तेलाचा सण आहे. पहाटे अंगाला तेल, दुपारी कढईत तेल आणि तिन्हीसांजेला पणतीत तेल. चकली मऊ पडली की तेलाचा दोष, चिवडा खवट झाला की तेलाचा दोष! अशा या सणाच्या अंकात मी मोटारीच्या तेलाची हकीकत सांगायला बसलो आहे, म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. या तेलापायी माझी एक दिवाळी काळवंडता काळवंडता वाचली. दुसऱ्या एका घरातली मात्र वाचली नाही. त्या दुसऱ्या घरासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

मी मराठीचा प्राध्यापक. तेलाशी माझा धंदेवाईक संबंध ‘तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले’ या म्हणीपुरता. घरी एक लहानशी, पेट्रोलवर चालणारी, मध्यमवर्गीय मोटार आहे. तिचा रंग, तिच्या कर्जाचा हप्ता आणि लिटरमागे ती किती किलोमीटर जाते, एवढ्या तीनच गोष्टी मला ठाऊक होत्या. बॉनेट उघडायची कळ कुठे आहे, हेसुद्धा आमच्या अकरा वर्षांच्या कन्येला विचारावे लागे.

२०२३ सालची दिवाळी. माझ्या आईचे माहेर चिपळूणचे. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा मामा, त्या वर्षी मोठ्या दुखण्यातून नुकता उठला होता. दसऱ्यापासूनच आईने घोशा लावला, “यंदा भाऊबीजेला मी त्याला ओवाळायला जाणार. तुम्ही नेलंत तर तुमच्याबरोबर, नाहीतर एस. टी. आहेच!” पंचाहत्तरी उलटलेल्या आईला कुंभार्ली घाटातून एस. टी.ने धाडले, तर नातेवाईक मला जन्मभर ओवाळतील, हे मी जाणून होतो. तेव्हा पाडव्याच्या पहाटे मोटारीने निघायचे ठरले, आणि त्याआधी गाडीचे सर्व्हिसिंग करून घ्यावे असे सौभाग्यवतींनी फर्मावले.

वसुबारसेच्या दिवशी मी गाडी घेऊन सर्व्हिसिंगच्या ठिकाणी गेलो. सगळ्या पुण्याला त्याच दिवशी गावी जायचे होते की काय, कोण जाणे! पंधरा-वीस गाड्या रांगेत उभ्या. आमच्या गाडीवर विशीच्या आतबाहेरचा एक मुलगा काम करीत होता. सुपरवायझर दर पाच मिनिटांनी येऊन त्याच्यावर ओरडे, “आटप, आटप!” काचेच्या तावदानाआडून मी बघत होतो. त्याने जुने तेल सोडले, फिल्टर बदलला, आणि नव्या तेलाचा डबा उचलून तसाच इंजिनात ओतायला सुरुवात केली. नरसाळे नव्हते. डबा भरलेला, हात घाईचे. पहिलीच धार चुकली आणि वाटीभर तेल इंजिनाच्या माथ्यावर सांडले. त्याने खिशातले फडके काढून वरवर पुसले आणि पुढच्या कामाला लागला. मी मनात म्हटले, ‘वा! ही आमच्या पैशांची धार!’ पण बोललो काही नाही. हा सांडलेला प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा.

घरी येईपर्यंत गाडीत करपट वास सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर गाडीखालच्या फरशीवर तेलाचे तीन थेंब! माझ्या तर्कशास्त्राने एका क्षणात निर्णय दिला : तेल गळते आहे, ज्याअर्थी गळते आहे, त्याअर्थी इंजिनात ते कमी झाले असणार.

त्याच संध्याकाळी बाजारातून परतल्यावर, सोसायटीच्या उतरणीवर गाडी उभी करताक्षणी मी बॉनेट उघडले. कन्या मोबाईलचा उजेड दाखवायला शेजारी उभी. इंजिनात तेल किती आहे ते पाहायला एक लांब पट्टी असते. तिला कोणी डिपस्टिक म्हणतात, मिस्त्रीलोक गेज म्हणतात. तिच्यावर दोन खुणा असतात. तेल या दोन खुणांच्या मध्ये असावे, एवढे ज्ञान मी त्याच दिवशी मिळवले होते. पट्टी ओढली, तेल खालच्या खुणेच्या जरा खालीच! मी तडक पेट्रोल पंपावर जाऊन एक लिटरचा डबा आणला. अर्धा ओतला आणि लगेच पट्टी पाहिली. तेल फारसे चढलेले दिसेना. मग उरलेला अर्धाही ओतून टाकला. हात पुसत वर आलो तेव्हा, खोटे कशाला सांगू, स्वतःच्या स्वावलंबनाचा मला मोठा अभिमान वाटला.

निळा धूर

पाडव्याच्या पहाटे आम्ही निघालो. पुढे मी आणि सौ., मागे आई, कन्या आणि फराळाचे डबे. खंडाळा सोडून खंबाटकीचा घाट चढू लागलो, तोच शेजारून एक मोटारसायकलवाला हात करून मागे दाखवू लागला. आरशात पाहिले, तर आमच्यामागे निळसर धुराचा पडदा! करपट वास वाढलेला. आई म्हणाली, “काय रे, कढई करपली का कुणाची?” घाट कसाबसा चढलो, उतरलो, सुरूर फाट्याजवळ वेग कमी केला आणि समोर तेलाच्या बुधलीच्या आकाराचा तांबडा दिवा लुकलुकू लागला. गाडी बाजूला घेऊन मी इंजिन बंद केले. तेवढी एक गोष्ट मी त्या दिवशी बरोबर केली.

त्यानंतरची गोष्ट सांगताना मान खाली जाते. मी सर्व्हिसिंगच्या सुपरवायझरला फोन लावला, आणि वर्गात पंचवीस वर्षे कमावलेला आवाज त्याच्यावर मोकळा सोडला. “तुमच्या त्या पोराने तेल सांडले, झाकण नीट लावले नाही, आता गाडीतून धूर निघतोय! म्हातारी आई गाडीत आहे. पेट घेतला असता म्हणजे?” सुपरवायझर गयावया करू लागला. “सर, तुम्ही काळजी करू नका. त्याच्याकडे बघतोच मी. त्याचा रोज कापतो, घरी बसवतो!” मी म्हणालो, “अवश्य बसवा!” आणि फोन ठेवला. मनाला फार बरे वाटले.

पाडव्यामुळे फाट्यावरची निम्मी दुकाने बंद होती. एका टपरीवजा गॅरेजच्या मागेच राहणारे एक वयस्कर मिस्त्री आंघोळ, टिळा आटोपून बाहेर आले. त्यांनी आधी इंजिनाला हात लावला नाही. गाडी सपाट जागेवर ढकलून घेतली. “धा मिन्टं थांबा. त्येल खाली उतरू द्या,” म्हणाले आणि आम्हांला चहा सांगितला. मग पट्टी काढली, स्वच्छ पुसली, पुन्हा तळापर्यंत खोचली आणि परत काढून माझ्यासमोर धरली.

“साह्येब, त्येल कमी न्हाई, लई झालंय. ही वरची खूण, आनि ह्ये बघा त्येल.”

तेल वरच्या खुणेच्याही चांगले बोटभर वर होते, आणि त्यात साबणाच्या पाण्यासारखे बारीक बुडबुडे होते.

“बघा!” मी विजयी मुद्रेने सौभाग्यवतींकडे वळलो. “त्या पोराने सांडलेच नाही, वर भरमसाट भरलेसुद्धा!”

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसत विचारले, “त्यानंतर वरनं कुनी वतलं का?”

मी गप्प. एक क्षण गेला असेल-नसेल, मागून कन्येचा स्वच्छ आवाज आला, “बाबांनी ओतलं ना! अख्खा डबा. मी उजेड धरला होता.”

रवी आणि ताक

मिस्त्रींनी त्या दिवशी मला जे शिकवले, ते पुढे मी पुस्तके चाळून पडताळून पाहिले. मोटार असलेल्या प्रत्येक घराला ते ठाऊक असावे, म्हणून थोडक्यात सांगतो.

इंजिनाच्या तळाशी तेलाची एक परात असते; मिस्त्री तिला चेंबर म्हणतात. पंप तिथून तेल उचलून वर सगळ्या फिरत्या भागांना पोचवतो आणि ते पुन्हा ठिबकत खाली येते. चेंबरच्या जरा वर क्रँक नावाचा जाड दांडा गरगर फिरत असतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हा दांडा सेकंदाला ५० वेळा फिरतो. तेल ठरल्या पातळीवर असले, तर दांडा त्याच्या वरून मोकळा फिरतो. पातळी फार चढली, की तो तेलात बुडतो. आणि मग रवीने ताक घुसळावे तसे तेल घुसळले जाते. ताकातून निदान लोणी निघते. इथे नुसता फेस! पंप हा फेस ओढतो. बुडबुड्यात हवा असते, आणि हवेने वंगण होत नाही. तेलाचा दाब पडतो, तांबडा दिवा लुकलुकतो, धातूवर धातू घासू लागतो. म्हणजे तेल जास्त झाल्याने इंजिनाला तेल कमी पडते!

शिवाय जास्तीचे तेल जागा शोधत हिंडते. इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून ते हवेच्या वाटेने पेट्रोलबरोबर जळते. तोच निळा धूर. काळा धूर बहुधा पेट्रोल जास्त जळते म्हणून येतो. दाट पांढरा धूर थांबेना, तर थंडाव्याचे पाणी आत शिरत असल्याची शंका घ्यावी. निळा मात्र तेलाचाच. असे तेल फार दिवस जळत राहिले, तर प्लग मळतात आणि धूर शुद्ध करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही निकामी होऊ शकतो.

मग पट्टीवर तेल मला कमी का दिसले? गाडी नुकतीच थांबलेली. बरेचसे तेल अजून वरच्या भागातच होते. त्यातून जागा उतरणीची. चेंबरमधले तेल एका बाजूला कललेले. ओतल्यावरही मी क्षणभर दम धरला नाही. पट्टी खोटे बोलत नव्हती. मी तिला चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी प्रश्न विचारला होता. विद्यार्थ्याला वर्गाच्या दारातच अडवून परीक्षा घ्यावी, तसा हा प्रकार! दोन खुणांमधले अंतर बहुतेक लहान गाड्यांत सुमारे एक लिटरचे असते. त्या मुलाने वरच्या खुणेपर्यंत बरोबर भरले होते. त्यावर मी एक लिटर ओतून आणखी एक मजला चढवला.

आणि ते थेंब, तो करपट वास? तो मात्र सांडण्याचा प्रताप. इंजिनाच्या माथ्यावरून ओघळलेले तेल खालच्या आवरणात साचून ठिबकत होते. थोडे धुराड्याच्या लोखंडी नळ्यांवर पडून जळत होते. ही गोष्टही हसण्यावारी नेऊ नये. तेल २०० अंश सेल्सिअसच्या वर चांगले तापले, की त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि या नळ्या त्याहून कितीतरी अधिक तापतात. रबरी पट्ट्यांनाही तेल मानवत नाही. म्हणून सांडले तर इंजिन थंड असतानाच, खालपर्यंत नीट पुसून घ्यावे. “दोन मिन्टांचं काम,” मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी एक युक्ती दाखवली. नरसाळे नसले, तर डब्याचे तोंड खालच्या अंगाला न धरता वरच्या अंगाला येईल असा डबा आडवा धरावा. आत हवा सहज शिरते, डबा गुडगुडत नाही आणि धार उडत नाही. मी तीन डबे पाण्याने भरून घरी करून पाहिले, खरे आहे.

सर्व्हिसिंगमध्ये तेल जास्त पडते, त्याचीही कारणे साधीच असतात. थंड तेल घाईने सोडले, की थोडे जुने आत राहते, आणि नवे मात्र पुरे पडते. गाडीच्या पुस्तिकेत तेलाचे दोन आकडे असू शकतात : फिल्टर बदलला तर एक, न बदलला तर त्याहून थोडा कमी. फिल्टर जुनाच ठेवून मोठा आकडा धरला, की झाले! आणि सगळ्यांत मोठे कारण म्हणजे उरलेला डबा. ‘एवढेसे कशाला ठेवायचे? ओतून टाका!’ हा विचार आपण आमटीच्या बाबतीत करतो, तोच गॅरेजमध्येही होतो.

तेव्हा वाचकहो, गाडी ताब्यात घेण्यापूर्वी एवढे करा : गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे झालेली, पट्टी काढा, पुसा, पूर्ण खोचा, पुन्हा काढा, मग वाचा. वरच्या खुणेच्या केसभर वर असले तर घाबरू नका. चांगले अर्धा-पाऊण लिटर जास्त वाटले, तर गाडी चालवत घरी नेऊ नका. तिथेच काढून घ्यायला लावा. झाकण घट्ट आहे का, खाली ओघळ आहे का, तेही पाहा. आणि स्वतः भरायचे झालेच, तर थोडे ओता, थांबा, पाहा. माझ्यासारखे करू नका.

पणती

मिस्त्रींनी खालचा नट सैल करून एक लिटरहून थोडे अधिक तेल काढले. ते त्यांनी वेगळ्या पिंपात ओतले. वापरलेले तेल मातीत किंवा गटारात सोडायचे नसते, त्यासाठी २०१६ चे घातक कचऱ्याविषयीचे नियम आहेत, हे त्या टपरीतल्या माणसाला ठाऊक होते, मला नव्हते. सांडलेली जागा त्यांनी पुसून घेतली. “थोडा वेळ धूर यील, मग थांबंल,” म्हणाले. मजुरी मागितली दीडशे रुपये. मी पाचशे पुढे केले, तर सणाचे म्हणून पन्नासच जास्त घेतले.

आई इतका वेळ खुर्चीत बसून सगळे पाहत होती. गाडीत बसताना ती म्हणाली, “एवढं शिकलास, पण पणती नीट पाहिली नाहीस कधी. काठोकाठ तेल भरलं की वात बुडते रे, आणि दिवा विझतो. शिवाय तेल ओघळून कोनाडा खराब होतो तो निराळाच.” सगळ्या विवेचनाचा सारांश तिने दोन वाक्यांत सांगितला होता. पाटणच्या पुढे धूर थांबला. दिवेलागणीला आम्ही चिपळूणला पोचलो, आणि दुसऱ्या दिवशी आईने मामाला ओवाळले. दोघेही रडली, आम्ही सगळे हसत होतो.

पण माझा घास काही नीट उतरेना. तो फोन आठवत होता. ‘अवश्य बसवा!’ सौ. पाडव्याच्या रात्रीच म्हणाली, “अहो, त्या मुलाचं सांगून टाका ना सुपरवायझरला.” मी म्हटले, “सणाच्या दिवशी कुठे त्रास द्यायचा? पुण्याला गेलो की बघू.” रागावण्यासाठी मी पाडव्याची सकाळ पाहिली नव्हती, चूक कबूल करायला मात्र मुहूर्त शोधत बसलो. तो मुहूर्त मला पुण्याला परतल्यावर, सहाव्या दिवशी सापडला.

गेलो, तेव्हा तो मुलगा गाड्या पुसत होता. सुपरवायझर अभिमानाने म्हणाला, “सर, चार दिवस घरी बसवला. आता इंजिनाला हात लावू देत नाही.” मी सगळी हकीकत सांगितली. उतरण, पट्टी, एक लिटरचा डबा, काही लपवले नाही. आजूबाजूचे गिऱ्हाईक ऐकत होते. माझे कान तापले होते. सुपरवायझरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्या चार दिवसांचा रोज मी भरून देतो म्हणालो, तर तो म्हणाला, “राहू द्या सर, आम्ही पगारात धरू.” धरला, हे मी पुढल्या महिन्यात पुन्हा जाऊन विचारून घेतले.

मग मी त्या मुलाकडे गेलो. काय बोलावे सुचेना. मराठीच्या प्राध्यापकाला शब्द सापडू नयेत, असे प्रसंग फार येत नाहीत. “माझी चूक झाली,” एवढेच म्हणालो. तो खाली बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, “सर, सांडलं ते माझ्याच हातनं. नरसाळं जागेवर नव्हतं, आणि रांग मोठी होती. मी खालपर्यंत पुसायला पाहिजे होतं.” मी विचारले, “भाऊबीजेला घरी गेला होतास ना? सुट्टी तर होतीच.” तो म्हणाला, “नाही सर. घरी काय सांगणार? रूमवरच होतो.”

माझ्या आईने भावाला ओवाळावे म्हणून आम्ही दोन घाट ओलांडून गेलो होतो. त्या दिवशी कुणा बहिणीचे निरांजन तसेच राहिले, ते माझ्या एका फोनमुळे. ही बाकी कोणत्याही पगारात धरता येत नाही.

तो मुलगा आता पुन्हा इंजिनावर काम करतो. आमची गाडी त्याच्याचकडे जाते. गेल्या खेपेस मी एक चांगले लांब नळीचे नरसाळे विकत घेऊन त्याला दिले. तो हसला आणि म्हणाला, “सर, एक तुमच्यासाठी पण घ्यायला पाहिजे होतं!” मग त्याने तेल भरले, दहा मिनिटे थांबला, पट्टी पुसली, खोचली, काढली आणि माझ्यापुढे धरली. मी चष्मा लावून पाहिली. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या किंचित खाली होते.

“बरोबर?” त्याने विचारले.

“बरोबर,” मी म्हणालो. डब्यात थोडे तेल उरले होते. झाकण घट्ट लावून त्याने ते माझ्या हातात दिले. घरी आल्यावर तो डबा मी माळ्यावर ठेवला. आणि कन्येला बजावून ठेवले आहे, बाबा पुन्हा कधी तो डबा घेऊन खाली निघाले, तर उजेड धरायचा नाही!